उसनं नाक

रविवार, ९ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

अक्षर ओळखून पत्र फाडणार असाल तर पुढच्या दोन ओळी तेवढ्या वाचा, मग खुशाल फाडा. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज उघडत नाही. पत्र फाडायला तरी हातात धरावं लागतं, म्हणून हा उद्योग.

तुमचा भाऊ उद्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय. आणि माझं नाक गेलंय.

नाक गेलं म्हणजे अब्रू नव्हे, ती तुमच्या भावानं केव्हाच घालवली. खरोखरचं नाक. मागच्या महिन्यात सडकून ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी कधी येतही नाही, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी कांदा कापून नाकाशी धरला. रॉकेल हुंगलं. तुमच्या भावाच्या जुन्या बुटात नाक घालून बसले. कांद्यानं डोळ्यांतून पाणी तेवढं आलं, बाकी शून्य.

माझं नाक काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. भावजय नाही, पोलिसांचं कुत्रं आणलंय, असं तुम्हीच म्हणायचात. डेअरीत मला त्या नाकावरच तर घेतलं. गाडीतून कॅन उतरले की झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, हात वर केला की दूध टाकीत, खाली केला की परत. मशीनची तपासणी नंतर, आधी माझं नाक. आणि घरी तुमचा भाऊ जिन्याच्या तळाशी असतानाच मला कळायचं, आज काय आणि किती. तो कच्चा कांदा खाऊन यायचा. बिचाऱ्याला वाटायचं, कांद्याखाली झाकलं जातं.

आता नीट ऐका. आजारी पडण्याआधी मी केंद्रात भेटायला गेले होते. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसलो होतो. त्यानंच विषय काढला. म्हणाला, "घरी आलो की रोज संध्याकाळी दारात उभा राहून तुझ्या तोंडावर श्वास सोडणार. तू ठीक म्हणालीस तर आत येईन. नाहीतर दार लावून घे." तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, बायकोला पोलीस करू नका. हा म्हणाला, "पोलीस नकोय मॅडम, कुंपण हवंय. संध्याकाळी तिच्यासमोर उभं राहायचंय एवढं डोक्यात असलं की दिवस निघतो. माझ्यापेक्षा माझा तिच्या नाकावर जास्त भरवसा आहे."

आता ह्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू की कुंपण पडलं? ऐकलं आणि केंद्रातून बाहेर पडायलाच घाबरला तर? आणि घाबरला नाही, मनातल्या मनात हसला तर? मला ह्या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त भीती वाटते.

म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही थोडे दिवस या. त्याच्याशी बोलू नका हवं तर. संध्याकाळी नुसत्या दारापाशी माझ्या मागे उभ्या राहा आणि मला खूण करा. तुमचं नाक उसनं द्या. त्याच्या तोंडाचा वास मला भिंतीपलीकडूनही येतो, असं हॉस्पिटलात तुम्हीच ओरडला होतात.

ते हॉस्पिटल मी विसरलेले नाही. आईंजवळ बसायला तुम्ही त्याला सांगितलंत आणि हा पिऊन खुर्चीत घोरत पडला. आई पाण्यासाठी उठायला गेल्या आणि पडल्या. तुम्ही आलात तेव्हा त्या जमिनीवर होत्या. त्यानंतर त्या काही उठल्याच नाहीत, आणि तुम्ही आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाहीत. तुमचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण या.

तुमची भावजय


गुरुवार, २० फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर मिळालं. पाकीट छान जाडजूड होतं, मला उगाच आशा वाटली. आत एक ओळ. "माझा भाऊ आईबरोबरच गेला."

बरं. मग हा जो सकाळी आंघोळीला गरम पाणी मागतो, टॉवेल खुर्चीवरच टाकतो आणि आरशात बघून केस कमी झाले म्हणून माझ्यावर चिडतो, हा कोण? गेलेल्या माणसाचे एवढे नखरे मी पहिल्यांदाच बघतेय.

रागावू नका. घाबरले की माझी जीभ अशीच सुटते.

आला तेव्हा वाळलेला होता. शर्ट खांद्यावरून उतरत होता. जिना चढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पिशवी खाली ठेवली, आणि मी "ये ना आत" म्हणायच्या आत वाकून माझ्या तोंडावर श्वास सोडला. गरम हवा लागली गालाला. बाकी काही नाही. मी डोळे मिटून नाक फुगवलं, पूर्वी करायची तसंच. म्हटलं, "ठीक."

त्या दिवशी तो केंद्रातून थेट आलेला, तेव्हा ठीकच असणार. पुढच्या दिवसांचं काय?

दुसऱ्याच दिवशी सकाळी घोळ झाला. मी आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. दूध गॅसवर. तुमचा भाऊ बाहेरून पेपर घेऊन आला आणि धावत स्वयंपाकघरात गेला. दूध आटून, लागून, भांडं काळं ठिक्कर. घरभर धूर, आणि मी मधल्या दारात चादर धरून उभी. "कुठे लक्ष होतं तुझं?" म्हणाला. मी म्हटलं, तू आलास त्या आनंदात. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि भांड्यात पाणी ओतलं. पचलं असं मी समजतेय.

तो कामावर जायला लागला. शाळेचे गणवेश शिवतात तोच कारखाना. मालकानं परत घेतलं, पण कापायच्या टेबलाशी उभं करत नाही. हात थरथरतो अजून. एका वेळी कापडाच्या चाळीस घड्या कापणारा कटिंग मास्तर आता काजं-बटणं करतोय, पोरींच्या रांगेत बसून. त्या पोरी अजून त्याला मास्तरच म्हणतात. घरी येऊन त्यानं हे हसत सांगितलं. मला त्या हसण्याचीच भीती वाटली. पूर्वी असं काही झालं की रात्र आमची नसायची.

दुपारपासून माझं लक्ष घड्याळाकडे असतं. तो जिना चढायला लागला की मी पायऱ्या ऐकते. पाय अडखळला का? कठड्याला धरलं का? डोळे लाल आहेत का, की धुळीनं? मग तो वाकतो, श्वास सोडतो, मी नाक फुगवते आणि ठीक म्हणते. म्हटल्यावरही तो क्षणभर तसाच थांबतो. माझं काही बोलायचं राहिलंय की काय, असं बघतो. मग आत येतो.

आजवर मी त्याच्या पिण्याला घाबरायचे. आता त्याच्या श्वासालाच घाबरते. डेअरीत चष्मेवाली म्हणून माझी मैत्रीण आहे, ती माझ्याऐवजी गुपचूप झाकणं हुंगते आणि मी हात वर-खाली करते. ते निभतंय. घरी मात्र माझ्या शेजारी कोणी नाही.

उत्तर लिहू नका हवं तर, पण हे वाचा.

तुमची भावजय


सोमवार, १० मार्च

वन्सं,

दोन आठवडे तुमचं काही नाही. ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण आता हा शब्द तोंडात बसलाय.

परवा कपडे धुवायला काढले आणि त्याच्या पँटच्या खिशात पेपरमिंटचे कागद सापडले. एक नाही, मूठभर. गोल पांढऱ्या गोळ्यांचे, हिरव्या रेघांचे. मी मोरीतच ते मोजत बसले.

सांगा ना, न पिणाऱ्या माणसाला पेपरमिंट कशाला लागतं? आणि मला तो वास पहिल्यापासून डोक्यात जातो. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात ह्यानं बसमध्ये पेपरमिंट तोंडात टाकलं आणि मी उठून दुसऱ्या बाकावर एका म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले. नव्या नवरीनं जागा बदलली म्हणून सगळी बस हसत होती. तेव्हापासून ह्यानं घरात पेपरमिंट आणलं नव्हतं.

आता मी विचार करत गेले. मला वास येतो असं समजणारा माणूस पेपरमिंट खाऊन माझ्या तोंडाशी येईल का? नाही येणार. मी तिथल्या तिथे ओरडेन, हे त्याला माहीत आहे. तरी तो येतोय, आणि मी रोज नाक फुगवून ठीक म्हणतेय. म्हणजे त्याला कळलंय, वन्सं. दूध लागलं तेव्हाच कळलं असेल. कळूनही बोलत नाही. का बोलत नाही? गेटवरचा शिपाई आंधळा आहे हे कळल्यावर चोर कशाला बोलेल?

त्यात गेले काही दिवस उशीर करतोय. विचारलं तर म्हणतो, पुलावरून चालत आलो, केंद्रात चालायला सांगितलंय. पूल आमच्या वाटेवर नाहीच.

काल मी काय केलं ते ऐकून तुम्ही हसाल. हसा. त्याचा आदल्या दिवशीचा शर्ट पिशवीत घालून डेअरीत नेला. कॅन उतरवायच्या ओट्यामागे चष्मेवालीला म्हटलं, हुंग. ती म्हणाली, "अगं, तुझ्या नवऱ्याचा शर्ट मी हुंगू? उद्या लोक काय म्हणतील?" मग तिनं माझं तोंड बघितलं. चष्मा काढला, शर्टात डोकं खुपसलं. म्हणाली, "घाम. मशीनचं तेल. पेपरमिंट. दारू नाही." मला एवढं हायसं वाटलं की मी तिच्या गळ्यातच पडणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "पण हा कालचा ना? आजचं मी काय सांगू?"

खरंच आहे. शर्ट कालचं सांगतो. मला आजचं हवंय, रोज.

आज संध्याकाळी मी ठरवलं होतं, सरळ म्हणायचं, पेपरमिंट खाल्लंस ना? म्हणजे त्याला वाटेल की मला येतोय वास. त्यानं श्वास सोडला. मी तोंड उघडलं. आणि मनात आलं, नेमकं आजच खाल्लेलं नसलं तर? तर माझं सोंग कायमचं उघडं पडेल. मिटलं तोंड. ठीक म्हटलं. तुमच्या भावाचा चेहरा असा पडला, वन्सं, की मला काही कळेना. सुटला म्हणून खूश व्हायला हवा होता ना?

जेवताना त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. हात अजिबात थरथरत नव्हता. हे चांगलं की वाईट, तेही मला आता सांगता येत नाही. पूर्वी दोन घोट गेल्यावरच त्याचा हात थांबायचा.

वन्सं, मी एकटी पडलेय. असं कधी कोणाला लिहिलं नव्हतं.

भावजय


शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळ

वन्सं,

सगळं बाहेर आलं.

चष्मेवालीचा मुलगा आजारी, ती आली नाही. मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, एक दिवस तर आहे, डोळ्यांनी बघून निभावून नेऊ. झाकणं उघडली, नाक घातलं, हात वर केला. सगळ्या कॅनना वर. त्यात काही कॅन आंबलेले होते. दुपारी अख्ख्या टाकीतलं दूध फाटलं. साहेब खाली आले, त्यांनी एका उरलेल्या कॅनचं झाकण माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे कसं आहे? सगळे बघत होते. मी म्हटलं, चांगलं आहे. शेजारचा ड्रायव्हर नाक दाबून मागे सरकला, तेव्हा मला कळलं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" आणि मला बाटल्यांच्या धुलाईकडे पाठवलं. नोकरी राहिली हेच नशीब.

पण वन्सं, डेअरीतली गोष्ट दुपारच्या चहाला बाजारात असते. दूध पोचवणाऱ्या गाड्या गणवेशाच्या कारखान्यावरूनच जातात. तुमच्या भावाला कळलं असणारच. त्याला आधीच माहीत होतं, असं मला वाटतंय, पण आता त्याला माहीत आहे हे मलाही माहीत आहे, आणि आता सोंगाचाही आडोसा उरला नाही. मी धावत घरी आले. तो यायच्या आत मला घरी असायचं होतं.

त्याची यायची वेळ होऊन गेली. पुलावरून चालत आला तरी आतापर्यंत यायला हवा होता.

लिहायला बसले म्हणजे खिडकीकडे बघावं लागत नाही. समोरच्या दुकानाचे दिवे लागले. वरच्या मावशींकडे टीव्ही सुरू झाला. जिन्यावर कोणीतरी आलं होतं, ते तळमजल्यावरच थांबलं. दुधाचं भांडं घासून घासून अजून काळंच आहे. कारखान्यात फोन केला, वॉचमन म्हणाला, मास्तर तर केव्हाच गेले, आज अर्ध्यातूनच उठले.

अर्ध्यातून उठला, वन्सं.

कुठे शोधू? पूर्वी ज्या दुकानात जायचा तिथे जाऊ का? गेले आणि तो तिथे दिसला तर मी काय करणार आहे? आणि दिसला नाही तर पुलावर बघायला जायचं का? तुम्ही त्याच्या मोठ्या बहीण आहात. लहानपणी हरवायचा तेव्हा तो कुठे सापडायचा, तेवढं तरी


रविवार, ३० मार्च

वन्सं,

मागचं पत्र अर्धवट होतं, कारण तेव्हा जिन्यावर पाय वाजले. दुसऱ्या दिवशी ते तसंच पाकिटात घालून मी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. पूर्ण करत बसले असते तर फाडलंच असतं. त्यापायी तुम्ही जीव मुठीत धरून धावत आलात, आणि आलात तशा जिन्यावरून परत गेलात. म्हणून आता सगळं क्रमानं सांगते. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

त्या संध्याकाळी तो आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, रोजच्यासारखा. वाकला. मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. म्हटलं, "नको. मला वास येत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दूध लागलं त्या दिवसापासून."

"मग रोज कशाला आलास श्वास सोडायला?"

"तू ठीक म्हणायचीस ना. रोज खोटं बोलायचीस माझ्यासाठी. ते खोटं ठरू द्यायचं नाही, एवढंच म्हणत जिना चढायचो."

मला रडू यायला हवं होतं, पण मी भांडायलाच उभी राहिले. पेपरमिंटचे कागद डब्यात जपून ठेवले होते, ते आणून त्याच्यासमोर ओतले. म्हटलं, "आणि हे? हे कशाच्या वर खातोस?"

त्यानं त्यातला एक कागद उचलून बोटांनी सरळ केला. मग म्हणाला, "तुला पेपरमिंट सहन होत नाही म्हणून. दूध लागलं त्याच दिवशी संध्याकाळी पहिलं खाल्लं, खात्री करायला. तू ठीक म्हणालीस. मग रोज खायला लागलो. ज्या दिवशी 'शी, पेपरमिंट!' म्हणून ओरडशील, त्या दिवशी तुझं नाक परत आलं असं समजणार होतो. मध्ये एकदा तू तोंड उघडलंस. मला वाटलं, आता म्हणतेस. कुंपण मोडलंय हे कोणाला सांगताही येत नव्हतं गं. फार भीती वाटायची."

हे ऐकून मी ते कागद परत डब्यात भरायला लागले. दाराच्या एका बाजूला मी रोज भीतीनं मरत होते, आणि दुसऱ्या बाजूला हा.

मग उशिराचं विचारलं. लपवलं नाही त्यानं. डेअरीची बातमी चहावाल्यानं आणली, पोरी कुजबुजायला लागल्या, आणि हा उठला. म्हणाला, "आता गावालाच कळलं की मला अडवणारं कोणी नाही. पाय आपोआप वळले. दुकानात गेलो. आत. बाटली हातात घेतली."

"मग?"

"परत ठेवली. आणि पुलावर बसून राहिलो. नाही घेतली, हे घरी येऊन सांगितलं तरी तू कशावरून मानशील?"

खरं सांगू, वन्सं? मी मानलं नाही. त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं, पण मानलं नाही. मानायला माझ्याकडे काही नव्हतंच. तो मात्र माझं नाक परत येईल म्हणून पेपरमिंट खाऊनच येत राहिला.

आता बुधवारचं. दार वाजलं, मी उघडलं, आणि तुम्ही. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. तुम्ही काय विचारलंत? "आहे का तो?" एवढंच. मी मान हलवायच्या आत तो तुमच्या मागून जिना चढून वर आला. तुम्ही वळलात. उंबऱ्यात तुम्ही, उंबऱ्याबाहेर तो. त्याला काही सुचलं नसणार. इतक्या दिवसांची सवय. तो थांबला, वाकला आणि तुमच्या तोंडावर श्वास सोडला.

तुम्ही एक पाऊल मागे सरलात आणि म्हणालात, "शी! पेपरमिंट! काय दडवायला खाल्लंस रे?"

आणि तो जिन्यावर बसून ढसाढसा रडायला लागला. तुम्ही म्हणालात, "मला वाटलंच होतं," आणि त्याला वळसा घालून खाली उतरलात. मी मागे धावले, पायात एक चप्पल माझी आणि एक त्याची. स्टँडवर पोचले तेव्हा तुमची बस वळणावर होती.

तुम्हाला वाटलं, पकडला गेला म्हणून रडला. नाही हो. तो शब्द ऐकायला तो इतके दिवस जिना चढत होता. माझ्या तोंडून ऐकायचा होता, तुमच्या तोंडून आला. रात्रभर म्हणत होता, ताईनं ओळखलं, ताई आली आणि ओळखलं.

आता रोजचं असं चाललंय. तो दारात थांबतो. मी नाक फुगवत नाही. विचारते, "आज?" तो सांगतो. काल म्हणाला, "दुपारी खूप वाटलं, पण नाही." मी बाजूला होते, तो आत येतो. घड्याळाकडे बघणं काही सुटलेलं नाही. दुपार झाली की सुरू होतं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तुम्ही त्याच्याइतक्या जवळ उभ्या होतात. तुमचं नाक शाबूत आहे. त्या पेपरमिंटच्या खाली दुसरा काही वास होता का, हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. हे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमचा भाऊ समोर बसून माझ्या ब्लाउजचं बटण लावतोय, कामाची सवय. मी त्यालाच म्हटलं, "ताईंना दुसरा वास आला असेल का रे?"

त्यानं दातांनी दोरा तोडला. म्हणाला, "लिहितेच आहेस तर विचार ना तिला."

वन्सं, इतक्या वर्षांत हा माणूस कधी 'विचार' म्हणाला नव्हता. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, एवढंच ऐकत आले मी. त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर विचारायची गरजच नाही, असं शहाण्या बाईला वाटलं असतं. मी शहाणी नाही. मी घाबरलेली आहे. म्हणून विचारते. असेल तर लिहा, मला खरं चालेल. नसेल तर लिहू नका, उठून या, आणि ह्या वेळी आत येऊन बसा.

पाकिटात एक पेपरमिंट आहे. ते त्यानं टाकलंय, कागद सोडवून, म्हणजे वास लागावा म्हणून. मी पाकीट नाकाला लावून बघितलं, मला काही येत नाही. तुम्ही उघडलंत तेव्हा आला असेल. त्या दिवशीचा तो हाच ना? एवढाच होता ना, वन्सं?

तुमची भावजय